स्क्रीनवर निळा, कागदावर जांभळा: छपाईला द्यायच्या फाइलीत नेमकं काय चुकतं?

खरबी_चौक (धागाकर्ता)

जय भीम मंडळी. दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, त्यासाठी एक पुस्तिका करतो आहे. डेमी साइज, ४८ पानं, वर कव्हर, सेंटर पिन, ३००० प्रती. आतली पानं ७० जीएसएम मॅपलिथोवर (पुस्तकांचा साधा, न चकाकणारा कागद; जीएसएम म्हणजे चौरस मीटरला ग्रॅम) एका रंगात, कव्हर २५० जीएसएम आर्ट कार्डवर चार रंगांत. कव्हर फोटोशॉपमध्ये केलं, आतला मजकूर कोरलमध्ये.

प्रेसमधून फाइल परत आली. शेरे एवढेच: कव्हर आरजीबी. फोटो लो-रेझ. ब्लीड नाही. आतलं काळं चार कलरमध्ये. फॉन्ट चेक करा.

इमेज साइजमध्ये जाऊन ७२ चे ३०० केले, तरी लो-रेझच म्हणतात. आणि त्यांनी काढलेल्या प्रूफमध्ये पंचशील ध्वजाचा निळा वांग्यासारखा आलाय. एकेक मुद्दा कोणी उलगडून सांगाल का?

मॅपलिथो

आधी रेझोल्यूशन. फोटोच्या फाइलीत मोजता येण्यासारखी गोष्ट एकच, पिक्सेल. ७२ किंवा ३०० हा आकडा फक्त सांगतो की ते पिक्सेल एका इंचात किती दाटीने बसवायचे.

इमेज साइजच्या चौकटीत 'रीसॅम्पल'ची खूण असते. ती काढून ७२ चे ३०० केलेत तर पिक्सेल तेवढेच राहतात, फोटोचे इंच कमी होतात. खूण ठेवून केलेत तर फोटोशॉप शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने नवे पिक्सेल भरतं. फाइल जड होते, पण डोळ्याची पापणी मुळात टिपलीच नसेल तर ती कुठून येणार? तुम्ही बहुतेक हेच केलंय, आणि प्रेसवाल्याला ते १०० टक्के झूम केल्याबरोबर कळलं.

आता ३०० का, ते. ऑफसेटवर फोटो ठिपक्यांच्या जाळीतून छापला जातो. एका इंचात ठिपक्यांच्या किती ओळी, ते एलपीआय. आर्ट कार्डला १५०, चांगल्या मशीनवर १७५. मॅपलिथोवर शाई पसरते म्हणून १२० ते १३३. वर्तमानपत्राच्या कागदावर ८५ ते १००. फोटोचा पीपीआय, म्हणजे एका इंचातले पिक्सेल, या आकड्याच्या दीडपट ते दुप्पट लागतो. १५० ची दुप्पट म्हणून ३००. दीडपटीनेही बहुतेक फोटो निभावतात. दुपटीच्या वर दिलेले पिक्सेल जाळीत वायाच जातात.

डीपीआय ही तिसरी गोष्ट, ती प्लेट (दर शाईसाठी छपाईचा वेगळा पत्रा) काढणाऱ्या मशीनची: एका इंचात किती टिंबं. ते २४०० डीपीआयचं असेल आणि जाळी १५० ची, तर जाळीतला एक ठिपका १६ × १६ बारीक टिंबांचा होतो, म्हणजे २५६ छटा. तीनही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

तर्री_पोहे

भाऊ, ३०० ला देव करू नका. फ्लेक्सला ३०० मागणारेही पाहिले आहेत. १० × २० फुटांचा फ्लेक्स ७२ पीपीआयनं केला तरी ८६४० × १७२८० पिक्सेल होतात, सीएमवायकेमध्ये (सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक या छपाईच्या चार शाया) लेयर न ठेवता ६०० एमबीच्या जवळ. तेच ३६ नं केलं तर १५० एमबी, आणि वर्धा रोडवर गाडीतून जाणाऱ्या माणसाला काडीचा फरक दिसत नाही.

सोपा हिशेब सांगतो. नजर साधारण एक मिनिट कोनाएवढंच बारीक पाहू शकते. म्हणून ३४३८ ला पाहण्याच्या अंतराच्या इंचांनी भागा. पुस्तक १२ इंचांवर धरलं तं २८६. फ्लेक्स १० फुटांवरून पाहिला तं २९. पुस्तकाला ३०० लागतात अन् फ्लेक्सला काहून लागत नाहीत, ते यातच आलं.

खरबी_चौक

समजलं. कव्हरवरचा फोटो व्हॉट्सॲपवर आलेला आहे, लांब बाजू १६०० पिक्सेल. पूर्ण पहिल्या पानावर घ्यायचा आहे. चालेल का?

मॅपलिथो

डेमी म्हणजे कापून ५.५ × ८.५ इंच. वर-खाली ३-३ मिमी ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर सोडलेला रंग) धरलं तर उंची ८.७४ इंच. १६०० भागिले ८.७४, म्हणजे १८३ पीपीआय. १५० च्या जाळीला दीडपट म्हणजे २२५ तरी हवेत. चेहऱ्याचा फोटो असेल तर मऊ दिसेल. ३ इंच रुंदीच्या चौकटीत उभा लावलात तर उंची साडेचार इंचांच्या आसपास येईल आणि ३५० पीपीआय मिळतील, उत्तम छापेल.

त्यापेक्षा ज्याने पाठवला त्याला सांगा, फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव. मोबाइलचा ४००० × ३००० चा मूळ फोटो आला तर ३०० ने १३.३ इंच होतात, प्रश्नच मिटला. आणि जेपीजी उघडून पुन्हा जेपीजीतच सेव्ह करत राहू नका. दर वेळी थोडी माहिती गळते, आधी अक्षरांच्या कडांभोवती किटाळ दिसू लागतं. काम चालू असेपर्यंत पीएसडी किंवा टिफ.

छापील पुस्तकातून स्कॅन केलेला फोटो असेल तर स्कॅनरमध्ये 'डीस्क्रीन' चालू करा. नाहीतर जुनी जाळी आणि नवी जाळी एकमेकींवर बसून चौकडीची नक्षी उमटते.

ग्रिपर_मार्जिन

रंगाकडे येतो, कारण ३००० कव्हर वाया जायची ती इथेच जातात.

स्क्रीन उजेड फेकते. कागद पडलेल्या उजेडातला काही भाग गिळतो आणि उरलेला परत देतो. म्हणून स्क्रीनवरचे काही रंग चार शायांच्या आवाक्यातच नाहीत. शुद्ध निळा हा त्यातला सगळ्यात वाईट. आरजीबीमधला (स्क्रीनचे लाल, हिरवा, निळा) ०, ०, २५५ सीएमवायकेत गेला की सायन आणि मॅजेंटा जवळजवळ सारखे होतात. सायन आणि मॅजेंटा सारखे म्हणजे जांभळा. तुमचं वांगं ते हेच. उपाय: आपोआप झालेलं रूपांतर राहू द्या बाजूला, आकडे हाताने भरा. निळ्यात मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० ने कमी ठेवा. सायन १००, मॅजेंटा ६५, यलो ०, ब्लॅक ०. स्क्रीनवर जरा फिका वाटेल, कागदावर निळाच येईल.

ध्वजातले बाकीचे रंग: पिवळा म्हणजे यलो १०० आणि मॅजेंटा फार तर १०. लाल म्हणजे मॅजेंटा १००, यलो १००. नारिंगी म्हणजे मॅजेंटा ५५ ते ६०, यलो १००. नारिंगीत सायन आणि ब्लॅक शून्यच. ५-१० टक्के सायन घुसला तरी संत्रं सडल्यासारखं दिसतं. संत्र्याच्या शहरात हे वेगळं सांगायला नको, पण फोटोतल्या संत्र्यांनाही हेच लागू आहे: सिलेक्टिव्ह कलरमध्ये जाऊन लाल आणि पिवळ्यातला सायन उतरवा. स्क्रीनवरचा झगझगीत नारिंगी तरीही येणार नाही. तो हवाच असेल तर पाचवी शाई म्हणून स्पॉट कलर, म्हणजे एक प्लेट जास्त आणि चार रंगांच्या मशीनवर कागद पुन्हा फिरवणं.

फोटोशॉपमध्ये कंट्रोल+वाय दाबलं की छापील रंगाचा अंदाज दिसतो, कंट्रोल+शिफ्ट+वाय दाबलं की आवाक्याबाहेरचे भाग राखाडी होतात. मॉनिटर पूर्ण उजेडावर ठेवून हे पाहण्यात अर्थ नाही. ८० ते १२० कँडेलापर्यंत उतरवा.

तर्री_पोहे

मोड मेनूत जाऊन सीएमवायके केलं की झालं ना?

ग्रिपर_मार्जिन

होतं, पण कुठल्या प्रोफाइलमध्ये (कुठल्या कागद-शाईसाठी रंगाचे आकडे, ते ठरवणारी फाइल) झालं ते कोण पाहणार? फोटोशॉपची अमेरिकन सेटिंग तशीच राहिली असेल तर स्वॉप नावाच्या प्रोफाइलमध्ये जातं. एडिट मेनूतलं 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' वापरा. प्रेसला विचारा कुठलं प्रोफाइल, उत्तर नाही मिळालं तर आर्ट कार्डसाठी कोटेड फोग्रा३९ घ्या. 'असाइन प्रोफाइल'ला मात्र हात लावू नका. कन्व्हर्ट आकडे बदलून रंग राखतं, असाइन आकडे तसेच ठेवून रंगाचा अर्थ बदलतं.

आणि एकदाच करा. आरजीबीतून सीएमवायके, परत आरजीबी, परत सीएमवायके असं केलं की दर फेरीत रंग मळतो. मूळ आरजीबी पीएसडी जपून ठेवा.

मॅपलिथो

"काळं चार कलरमध्ये" हा शेरा तुमच्या कामात दुप्पट महत्त्वाचा आहे. आरजीबी काळा स्वॉपमध्ये गेला की सायन ७५, मॅजेंटा ६८, यलो ६७, ब्लॅक ९० होतो. चार रंगांत छापलं तर बारीक अक्षरांच्या कडेला रंगीत सावली येते, कारण चारही प्लेटा केसाच्या अंतरानेही हलल्या नाहीत असं होत नाही. पण तुमची आतली पानं एकाच रंगात आहेत. तिथे फक्त ब्लॅकची प्लेट निघणार आणि तिच्यावर अक्षर ९० टक्केच जाणार. ९० टक्के म्हणजे जाळी आली. ११ पॉइंटच्या मजकुराच्या कडा दातेरी होतील, शिरोरेषा खरबडलेली दिसेल. सगळा मजकूर के १०० (फक्त ब्लॅक, १०० टक्के) हवा. कोरलमध्ये 'रिप्लेस कलर'ने आरजीबी काळा शोधून एकदम बदलता येतो.

कव्हरवर मोठा काळा पट्टा असेल तर उलटं. नुसता के १०० आर्ट कार्डवर राखाडी वाटतो. तिथे सायन ६०, मॅजेंटा ४०, यलो ४०, ब्लॅक १००. बेरीज २४०, सुरक्षित. 'रजिस्ट्रेशन' नावाचा जो काळा पॅलेटमध्ये असतो तो चारही १०० असतो, फक्त कटमार्कांसाठी. त्याने पट्टा भरला तर शाई वाळत नाही आणि वरच्या कव्हरच्या पाठीला लागते. आर्ट कार्डला ३०० च्या वर बेरीज नको, मॅपलिथोला २६०-२८०, वर्तमानपत्राला २४०.

आतले फोटो ग्रेस्केल करताना मधल्या छटा उजळ ठेवा. मॅपलिथोवर ५० टक्क्यांचा ठिपका पसरून ७० च्या घरात दिसतो. स्क्रीनवर बरोबर वाटणारा फोटो कोळशासारखा छापतो.

ग्रिपर_मार्जिन

ब्लीड. कटिंग मशीन एका वेळी कागदांची थप्पी कापते, वरचा आणि खालचा कागद अर्धा-एक मिमी सरकतोच. रंग कापायच्या रेषेपर्यंतच असेल तर पांढरी चिरी दिसते. म्हणून चहूकडे ३ मिमी रंग बाहेर, आणि मजकूर रेषेच्या आत निदान ५ मिमी. कव्हर उघडं धरून ११ × ८.५ इंच, म्हणजे २७९.४ × २१५.९ मिमी. ब्लीडसकट फाइल २८५.४ × २२१.९ मिमी. आहे ते चित्र ताणून एवढं करू नका, कॅनव्हास वाढवून पार्श्वभूमी पुढे न्या.

आतल्या पानांवर कडेपर्यंत जाणारं काही असेल तर एक हिशेब बघा. १८ × २३ इंचांच्या कागदावर एका बाजूला डेमीची ८ पानं बसतात, दोन्ही बाजू मिळून १६. म्हणजे ४८ पानांचे बरोबर तीन फॉर्म. १८ इंचांच्या बाजूला दोन पानं ८.५ ची, १७ इंच झाले. चार कडांचं ब्लीड १२ मिमी. उरतात १३.४ मिमी. मशीनचा ग्रिपर (कागद धरणारा चिमटा) त्यातले १०-१२ खातो. बसतं, पण जेमतेम, कलर बारला (शाई तपासायची रंगीत पट्टी) जागा राहत नाही. एकरंगी पानांवर ब्लीड टाळता आलं तर टाळाच.

सेंटर पिनमध्ये आतली पानं घडीच्या जाडीने बाहेर सरकतात. ४८ पानं म्हणजे १२ दुघडी, कागद ०.१ मिमी धरला तर मधलं पान १.१ मिमी बाहेर येतं आणि कापलं जातं. पान क्रमांक कडेच्या अगदी जवळ असतील तर मधल्या पानांवर ते वेगळेच दिसतील. १० मिमी आत घ्या.

रफार

फॉन्टवर कोणीच बोललं नाही, आणि मराठी कामात सगळ्यात जास्त घोळ इथेच. दोन प्रकार वेगळे समजून घ्या.

जुने फॉन्ट (श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी वगैरे) संगणकाच्या दृष्टीने इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त आकार मराठी. प्रेसच्या मशीनवर तो फॉन्ट नसेल तर पानभर इंग्रजी अक्षरांची खिचडी. उपाय: पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड करा किंवा कोरलमध्ये कंट्रोल+क्यूने कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या होतात. कर्व्ह केलेल्या मजकुरात नंतर एक वेलांटीही बदलता येत नाही, तेव्हा मूळ फाइलची वेगळी प्रत ठेवा.

युनिकोडची तऱ्हा निराळी. फॉन्ट असूनही अक्षर मोडतं, कारण जोडाक्षर जुळवणारं इंजिन बंद असतं. खूण: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, जोडाक्षराऐवजी पाय मोडलेलं अक्षर सुटं दिसतं. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या पॅलेटमधून 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर' निवडा. जुन्या फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात तसाच पर्याय सुरू करा. बदल नव्या मजकुराला लागतो, आधीचा मजकूर निवडून पुन्हा लावावा लागतो.

तुमच्या फाइलीत बहुतेक दोन्ही प्रकार मिसळले असतील. जुना मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणला असेल तर रफार तपासा. जुन्या फॉन्टात रफार अक्षरानंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये 'र्' आधी येतो. कन्व्हर्टर साधा असेल तर 'धर्म'चं 'धमर्' होतं. धम्मचक्र प्रवर्तनाच्या पुस्तिकेत हे नको! दुसरा बळी 'दुसऱ्या'. 'ऱ' ऐवजी साधा 'र' आला की 'दुसर्या' असं रफारासकट उमटतं. शोधायचे शब्द: वाऱ्या, तऱ्हा, कर्म, वर्ष, राष्ट्र, हृदय, कृती, लक्ष्मी, डॉ., ऑक्टोबर, ॲड. 'डॉ.' वरचा चंद्र हरवून 'डा.' होण्याचं प्रमाण बरंच आहे, आणि बाबासाहेबांच्या नावाआधी तो शब्द पानोपानी येणार.

ल आणि श मराठी वळणाचे हवेत की हिंदी, तेही ठरवा. काही फॉन्टांत भाषा 'मराठी' निवडली की वळण बदलतं. 'तिरो देवनागरी मराठी'मध्ये ते मुळातच आहे आणि तो मोफत आहे. पुस्तिकेच्या मजकुराला १२ पॉइंट अक्षर, ओळीला १६-१७. वेलांट्या आणि उकार एकमेकांना भिडले तर वाचणाऱ्याचे डोळे शिणतात.

रंगीत पट्ट्यावर पांढरी अक्षरं ९ पॉइंटपेक्षा लहान नको, आणि ठळकच. चार शाया सरकल्या की बारीक मात्रा पहिल्यांदा बुजतात.

ग्रिपर_मार्जिन

ध्वजाबद्दल एक राहिलं. निळ्यात यलो शून्य आणि पिवळ्यात सायन शून्य, दोघांत सामायिक शाई जवळजवळ नाही. प्लेट ०.१ मिमी सरकली तरी मध्ये पांढरी रेघ चमकते. पिवळा-लाल शेजारी असले तरी दोघांत यलो १०० आहे, तिथे रेघ दिसत नाही. लाल-पांढरा आणि पांढरा-नारिंगी यांना तर प्रश्नच नाही. म्हणजे निळ्या-पिवळ्याची कडच सांभाळायची. शेवटच्या सहाव्या पट्टीत पाचही रंग एकाखाली एक येतात, तिथेही हीच कड आहे, विसरू नका. पिवळ्या चौकोनाला पिवळ्याच रंगाची ०.५ पॉइंट आउटलाइन द्या, तिला 'ओव्हरप्रिंट आउटलाइन' (खालचा रंग न कापता त्याच्यावरच छापणं) लावा आणि पिवळा निळ्याच्या वर ठेवा. पाव पॉइंट निळ्यावर चढतो. तिथे बारीक हिरवट-काळी रेघ होते, ती पांढऱ्या चिरीपेक्षा कितीतरी बरी.

कागद सरकण्यात आपल्या हवेचाही हात असतो. उन्हाळ्यात प्रेसमध्ये खसचा कूलर थेट कागदाच्या थप्पीवर सोडलेला असतो. कडा ओल धरतात, लाटेसारख्या होतात आणि रजिस्ट्रेशन (चारही रंगांची एकमेकांवरची जुळणी) जातं. सप्टेंबरात पावसाची दमट हवा तेच करते. रीमचं वेष्टन छापायच्या वेळेलाच फोडायला सांगा, आणि कागद एक दिवस आधी मशीनच्या खोलीत आणून ठेवायला. खोलीत ५० ते ५५ टक्के आर्द्रता असली की बरं चालतं.

खरबी_चौक

सगळ्यांचे आभार. केलेले बदल: कव्हर २८५.४ × २२१.९ मिमी, फोग्रा३९, निळा १००/६५/०/०, नवा फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवला. लोगो पीएनजी होता, त्याचा कोरलमध्ये व्हेक्टर केला. आतला मजकूर युनिकोड, के १००. 'दुसऱ्या' ११ ठिकाणी आणि 'डॉ.' ४ ठिकाणी मोडलेला सापडला. पीडीएफ कुठली काढू? आणि मागच्या कव्हरवर निळ्या पट्ट्यात प्रकाशकाचं नाव आहे, ते आधी काळं होतं, आता पांढरं केलं.

मॅपलिथो

पीडीएफ/एक्स-१ए काढा. सगळं सीएमवायके किंवा स्पॉटमध्ये आणते, फॉन्ट आत घेते आणि पारदर्शकता सपाट करते. प्रेसचं आरआयपी (पीडीएफवरून प्लेटची टिंबं तयार करणारी प्रणाली) नवीन असेल तर एक्स-४ चालेल, पण आधी विचारा. जुन्या आरआयपीवर सावल्यांच्या भोवती पांढरे चौकोन येतात. कटमार्क आणि ३ मिमी ब्लीड एक्स्पोर्ट करतानाच टिकवा.

काळ्याचं पांढरं केलेलं ते नाव आत्ताच तपासा. काळ्या अक्षरांना ओव्हरप्रिंट लागलेला असेल आणि तो तसाच राहिला असेल, तर पांढरं अक्षर निळ्यावर 'छापलं' जातं, म्हणजे काहीच छापलं जात नाही. स्क्रीनवर दिसतं, प्लेटवर गायब. ॲक्रोबॅटमध्ये आउटपुट प्रीव्ह्यू उघडून ओव्हरप्रिंटचं सिम्युलेशन चालू करा.

खरबी_चौक

नाव गायब झालं! ओव्हरप्रिंट काढला, परत आलं. उद्या पीडीएफ देतो. प्रूफ लेझरवर काढून देणार म्हणतात.

ग्रिपर_मार्जिन

लेझरचं प्रूफ मजकूर, पानांचा क्रम आणि घडी पाहण्यापुरतं. रंगावर त्यावरून सही करू नका. मशीन लागलं की पहिल्या कागदांच्या वेळी तिथे उभे राहा, निळा पट्टा दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी नेऊन बघा, आणि मंजूर केलेल्या कागदावर सही करून तो ऑपरेटरच्या टेबलावर ठेवा. आणि कव्हरला मॅट लॅमिनेशन होणार असेल तर त्याच पहिल्या कागदाचा एक तुकडा लॅमिनेट करून मागा. मॅटने रंग थोडा दबतो.